एफ-एल नावाचं कोणीतरी

१

त्या रविवारी क्लबाच्या रेडिओवरच्या सकाळच्या फेरीत वेन्लानं आपलं नवं कॉलसाइन पहिल्यांदा हवेत सोडलं, आणि तिनं मोर्सच्या चावीवरून बोट उचललं न उचललं तोच दुसऱ्या कोणीतरी तेच कॉलसाइन तिच्या डोक्यावर आणून आपटलं.

दि दि दाऽ दि, दि दाऽऽऽ दि दि.

एफ-एल.

फेरी चालवणाऱ्या आउनेच्या हातातला वेलचीचा पाव कॉफीच्या कपावर तसाच अधांतरी राहिला. हौशी रेडिओवाल्याचं कॉलसाइन म्हणजे त्याचं हवेतलं नाव. एका नावाचं जगात एकच माणूस. त्यातली सुरुवातीची अक्षरं देशाची आणि जिल्ह्याची, ती फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या या कास्किनेन गावात सगळ्यांची सारखीच. म्हणून फेरीत एकदा पूर्ण नाव सांगून झालं की सगळे एकमेकांना शेपटानंच हाक मारत. एफ-एल हे शेपूट जन्मभर म्हाताऱ्या कालेर्वोचं होतं. कालेर्वो वारला, नाव रिवाजाप्रमाणे काही वर्षं रिकामं राहिलं, आणि या शरदात त्याच्या मुलीनं, हेल्कानं, ते वेन्लाला द्यायला होकार दिला. वेन्लाला परवाना मिळून जेमतेम वर्ष झालेलं. क्लबात एकाचंही तोंड गोड झालं नाही.

आउनेचं तर मुळीच नाही.

तिनं चावी ओढली आणि विचारलं: कोण आहे?

एफ-एल, उत्तर आलं.

नाव नको. कोण?

एफ-एल. शेवटी 'आता तू बोल' ही खूणसुद्धा नाही. नुसतं नाव, आणि मग शांतता.

लगेच फोन वाजला. क्लबचा अध्यक्ष एन्सियो. "ऐकलंस? नाव मिळून चार दिवस झाले नाहीत, आणि तमाशा सुरू."

"दोन एफ-एल होते, एन्सियो. त्यातला एक खोटा."

एन्सियो खुदकन हसला. "कोणता खोटा निघायला हवाय तुला?"

२

पुढचे रविवारही तसेच गेले. वेन्ला नाव सांगे, की खोटा एफ-एल तिच्यावर चढे. पलीकडे स्वीडनमधल्या लोकांनी तक्रारी केल्या. नाव ज्याचं, जबाबदारी त्याची. परवाने देणाऱ्या खात्याला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. वार्षिक सभेपर्यंत उलगडा झाला नाही तर क्लब वेन्लाची शिफारस मागे घेणार, असं ठरलं. उलगडा करायचं काम आलं आउनेकडे. उभी हयात किनाऱ्यावरच्या केंद्रात जहाजांच्या तारा घेण्यात गेलेली. ऐकायचं म्हटलं की सगळ्यांची बोटं तिच्याकडे.

वेन्ला जनावरांच्या दवाखान्यात होती. एका बोक्याला टॉवेलात गुंडाळून कानात औषध घालत होती.

"धरा जरा याला."

आउनेनं बोका धरला. चौकशीला आलेल्या माणसाची ऐट बोका हातात आल्यावर टिकत नाही.

"तू नाहीस ना गं?"

"आउने, मला अजून स्वतःचं नाव धड वाजवता येत नाही. जुनं शेपूट हातात बसलंय. एफ-एल म्हणायला जाते आणि मध्येच ठेचकाळते. तुम्ही ऐकताच की. आणि तो? जिना उतरल्यासारखा उतरतो."

हे खरं होतं. नवं कॉलसाइन नव्या चपलेसारखं चावतं. खोट्या एफ-एलच्या पायात मात्र ते वर्षानुवर्षं रुळलेलं होतं.

"कालेर्वोकडे तू कुत्र्याची नखं कापायला जायचीस."

"हो. कापता कापता शिकले."

"नखं कापून एफ-एल मिळतं हे आधी कळलं असतं, तर अख्ख्या क्लबानं कात्र्या घेतल्या असत्या."

वेन्ला कानापर्यंत लाल झाली. "हे एन्सियो म्हणाला, का तुम्ही?"

"एन्सियो," आउने बेधडक खोटं बोलली.

"सभेआधी तो सापडला नाही, तर मी नाव परत करते. मला ते काढून घ्यायची वेळ आणायची नाही कोणावर. पण मला ते हवंय हो. माझं म्हणून हवं असलेलं हे पहिलंच काहीतरी आहे."

तिनं परत केलं तर पुढे कोण, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. किनाऱ्यावरच्या केंद्रात कालेर्वोच्या शेजारच्या टेबलावर बसून जिनं जन्म काढला, ती आउने. तिनं हेल्काला विचारलंही होतं. हेल्का 'बघते' म्हणाली होती, आणि मग हे.

बोक्यानं मनगटावर ओरखडा काढला. रक्ताची बारीक रेघ उमटली, आणि आउनेला एकदम कळलं, की हा चोर सापडूच नये असं आपल्याला वाटतंय.

३

(एन्सियोच्या बोटदुरुस्तीच्या शेडमध्ये. आउनेचे प्रश्न गाळले आहेत; ते उत्तरांवरून कळतात.)

"बस. नाही, त्या खुर्चीवर नको, तेल लागलंय तिला.

"हवं होतं म्हणजे? अर्थात हवं होतं! माझं शेपूट तीन अक्षरी. स्पर्धेत मी माझं नाव सांगून होईपर्यंत तो इटलीवाला दोन संपर्क गिळून पुढे जातो.

"छे, हेल्कानं मला विचारलंसुद्धा नाही. डूख धरलाय तिनं. कालेर्वोला पुरल्यावर मी त्याचा मोठा सेट क्लबासाठी उचलून आणला ना, तेव्हा पायरीवर तिची कुंडी फुटली. माणूस गेल्याचं दुःख निवेल, कुंडीचं नाही निवणार.

"नाही, जुना नाही आणला. तो काचेच्या व्हॉल्व्हचा डबा कोण उचलणार? एक माणूस आत बसेल एवढा. हेल्कानं त्याच्यावर जिरेनियमच्या कुंड्या ठेवल्यात. शोभतात.

"मी? हातानं? अगं, माझ्या वतीनं संगणक वाजवतो. मी नुसतं बटण दाबतो. हातानं शेवटचं अक्षर कधी वाजवलं ते मला आठवत नाही. हस, हस. तुमच्या काळात घोडेही होते.

"ओइवा? ओइवा कालेर्वोचा शिष्य. त्याला काय वाटलं असेल ते त्यालाच विचार. मासे धुरावतोय, जाताना माझ्यासाठीही आण.

"आणि थांब. आता माझा एक प्रश्न. तो खोटा एफ-एल सुरू झाला की फेरी चालवणारीनं त्याला हुसकून लावायला हवं. तू तसं करत नाहीस. दरवेळी हात थांबवतेस, आणि गप्प बसून ऐकतेस. का गं?"

४

खरं उत्तर असं होतं: कान ओळखत होता आणि डोकं कबूल होत नव्हतं.

पुढच्या रविवारआधी तिनं सगळ्यांना फोन करून सांगितलं, की या खेपेला तबकडीवरच्या नेहमीच्या जागेवरून जरा वर सरकून भेटायचं. हवेत कोणाला काही बोलायचं नाही. झालं. फेरी सुखात पार पडली. वेन्ला एफ-एलवर अडखळली, परत सुरू केलं, परत अडखळली. कोणी तिच्यावर चढलं नाही. आउनेला ते अडखळणं ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला.

फेरी संपल्यावर तिनं तबकडी फिरवून जुन्या जागेवर आणली.

तिथे तो वाजतच होता. दि दि दाऽ दि, दि दाऽऽऽ दि दि. रिकाम्या हवेत, कोणीही नसताना, एकटा.

आउने खुर्चीत मागे टेकली. खोडी काढणारा पाठलाग करतो. सावज सरकलं की तो सरकतो, हुंगत येतो. हा दगडासारखा एका जागी बसून होता. त्याला सरकायचं नव्हतं, की सरकता येत नव्हतं?

आणखी एक. दर खेपेस सुरुवातीला त्याचा स्वर घसरत खाली यायचा, आणि हळूहळू स्थिर व्हायचा. जुन्या सेटमधले थंड व्हॉल्व्ह तसं करतात. तापू न देताच वाजवायला घेतलं की ते कण्हत उठतात.

व्हॉल्व्हचे सेट दुरुस्त करणारा गावात एकच होता.

५

ओइवा नदीकाठच्या शेडमध्ये बाल्टिक हेरिंगला धूर देत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि न विचारताच म्हणाला, "मी नाही."

"मी अजून तोंड उघडलं नाही."

"तुझं तोंड मिटलेलं असलं की जास्त बोलतं." त्यानं एक मासा तिच्या हातावर ठेवला. "खा. एफ-एल मी वाजवलाय. हवेत नाही. जेवणाच्या टेबलावर, चमच्यानं. वर्षानुवर्षं. वाटायचं, म्हातारा गेला की आपल्यालाच मिळणार. हात तयार असावा. बायको म्हणायची, एक तर जेवा, नाही तर त्या एफ-एल बाईशी लग्न लावा."

"चार लोकांसमोर कधी म्हणाला नाहीस हवंय म्हणून."

"मागून घ्यायची गोष्ट आहे का ती? तू मागितलंस, तुला तरी कुठे मिळालं?" हे त्यानं सरळपणे म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

"वाजव," आउने म्हणाली.

"आता?"

"आता."

ओइवानं मासे कापायच्या सुरीची मूठ फळीवर ठोकली, लांब ठोक्याला घासली. दि दि दाऽ दि, दि दाऽ दि दि. आणि लगेच, नकळत, दाऽ दि दाऽ: आता तू बोल. प्रत्येक लांब ठोका अगदी सारखा, यंत्रातून काढल्यासारखा.

"झकास," आउने म्हणाली. "आणि तू सुटलास."

"का? बरोबर वाजवलं की. कालेर्वो असाच वाजवायचा."

"तू शिकायला आलास तेव्हा असाच. त्याआधी करवतीनं त्याचं बोट नेलं. मग त्यानं ती आडवी विजेची चावी घेतली. तिच्यात लांब ठोके यंत्र मोजून देतं, सगळे सारखे. बोट होतं तेव्हा त्याच्याकडे उभी चावी होती. एल वाजवताना तो लांब ठोक्यावर रेलायचा. जड दार खांद्यानं लोटावं तसा. तो खोटा एफ-एल तसा रेलतो."

ओइवानं सुरी खाली ठेवली. "म्हणजे तो कालेर्वोचा जुना हात आहे. मी तो कधी ऐकलाच नाही. एन्सियोनं नाही. त्या पोरीनं तर नाहीच." त्याचे डोळे बारीक झाले. "मग कोणी ऐकलाय?"

६

कास्किनेनमध्ये तो हात ऐकलेलं रेडिओवालं माणूस एकच उरलं होतं, आणि ते त्या धुरात उभं राहून खोकत होतं.

७

"मी कोणाला सांगणार नाही," ओइवा पाठीमागून म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आउने काठाकाठानं चालत निघाली. पाण्यावर पापुद्र्यासारखा पहिला बर्फ धरत होता. तिला दोन क्षण स्वतःचाच संशय आला. झोपेत उठून वाजवते की काय मी? इतकं हवं असलं की माणूस काहीही करतं.

मग सवयीनं कान पुढे झाला.

तो फक्त नाव वाजवतो. प्रश्न विचारला तरी नाव. ओइवासारखा सुरीच्या मुठीनं वाजवणाराही शेवटी 'आता तू बोल' म्हणाल्याशिवाय थांबत नाही. मेलेला तारवालासुद्धा म्हणेल. हा म्हणत नाही. सेट तापू देत नाही. सगळे सरकले तरी सरकत नाही, कारण तबकडी कुठे फिरवायची हे त्याला माहीत नाही. कोणीतरी शेवटची जिथे ठेवून गेलं, तिथेच ती आहे.

मग हा लपून बसलेला रेडिओवाला नव्हेच. याला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही. या अख्ख्या भाषेतला याला एकच शब्द येतो, आणि तो शब्द हा शिकला कालेर्वोचं बोट शाबूत असताना. किनाऱ्यावरच्या केंद्रात तो शब्द मी ऐकला.

आणि घरात कोणी?

तिनं वाट बदलली.

८

हेल्कानं दार उघडलं, कॉफी ठेवली, राय धान्याचा काळा पाव कापला. पन्नाशीची बाई, बापासारखे रुंद खांदे. व्हॉल्व्हचा सेट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होता. जिरेनियमच्या कुंड्या खाली जमिनीवर.

"फुलं खाली ठेवलीस."

"तिथे ऊन लागत नव्हतं त्यांना."

"नोव्हेंबरात कुठलं गं ऊन?"

हेल्का पाव कापत राहिली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त कापला.

"हेल्का, विचारलेलं कळत नव्हतं ना तुला? मी हवेत विचारायची, कोण आहे, कोण आहे."

"तू होतीस होय ती." सुरी थांबली. "नाही कळलं. मला एवढं एकच येतं. बाबा सौनातून, वाफेच्या न्हाणीतून, निघायच्या आधी भिंतीवर वाजवायचे, की टॉवेल आण. मी पलीकडून तेच वाजवायची, की आणते. मी लहान होते. म्हटलं, बाकीचंही शिकवा. म्हणाले, आधी गणित. मग म्हणाले, बोट गेलं. मग म्हणाले, आता शिकून काय करणार." तिचा आवाज चढला. "आणि त्या कुत्र्याच्या नखांवालीला अख्खं शिकवलं! इथे, या टेबलावर. मी बाजूला उभी राहून दोघांचं जेवण गरम करत होते!"

"मग होकार का दिलास तिला?"

"वाटलं, आपण मोठं मन दाखवावं. दाखवलं. मग त्या रविवारी हा डबा लावला, तर ती बाबांचं नाव अडखळत अडखळत वाजवतेय. मला राहवलं नाही. ते असं नसतं, असं असतं, एवढंच." ती खाली बसली. "एका रविवारी कोणीच ऐकू आलं नाही. मला वाटलं, सगळे गप्प बसून माझंच ऐकताहेत."



हेल्कानं डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी झाली. "कोणाला कळलंय?"

"मला."

"मग राहू दे ना. ती नाव परत करणारच आहे. मग तू माग. मी हो म्हणेन. खरं तर तुलाच द्यायला हवं होतं."

"मग का नाही दिलंस?"

"आईमुळे. तू यायचीस, मग तू आणि बाबा टेबलावर बोटांनी टकटक करून हसायचात. आईसमोर. आई विचारायची, काय झालं हसायला? बाबा म्हणायचे, काही नाही. आई भांडी जोरात घासायची. मी टॉवेल आणायची." तिनं मान वर केली. "पण ते गेलं. आता घे. एफ-एल तुझं."

९

(यातलं काही घडलं नाही.)

आउने गप्प राहिली. सभेत वेन्लानं नाव परत केलं, एन्सियोनं शोक केला, आणि वसंतात आउनेला एफ-एल मिळालं. पहिल्या रविवारी तिनं चावीवर हात ठेवला. तिला ते चावलं नाही. ते तिच्या हातात आयुष्यभर होतंच. स्वीडनमधून कोणीतरी म्हाताऱ्यानं लिहिलं, की डोळे मिटून ऐकलं तर कालेर्वोच परत आल्यासारखा वाटतो. तिनं डोळे मिटले. फेरीत एक आवाज कमी होता, तो कोणाच्या लक्षात आला नाही.

१०

पण तिला राहून राहून ते रिकाम्या हवेत वाजणारं नाव आठवत होतं. पूर्ण मालकीचं, आणि ऐकायला कोणी नाही.

"फोन दे," ती म्हणाली. मन फिरायच्या आत तिनं आकडे दाबले. "एन्सियो, ती वेन्ला नव्हे. खात्याला तसं कळव. पुन्हा होणार नाही, माझा शब्द."

"कोण होतं मग?"

"ते विचारू नकोस."

"ओइवा मघाशी मासे देऊन गेला," एन्सियो सावकाश म्हणाला. "जुन्या हाताबद्दल काहीतरी पुटपुटत होता. आउने... तूच की काय गं?"

'नाही' म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात हेल्कानं फोन तिच्या हातातून ओढून घेतला.

"मी होते, एन्सियो. कुंडीवाली." आणि फोन ठेवून दिला. मग ती म्हणाली, "आता वेन्लालाही बोलव. जे काय ऐकवायचंय ते एकदाच ऐकवू दे."

वेन्ला दवाखान्याच्या अंगरख्यातच आली, कुत्र्यांचा वास घेऊन. सगळं उभ्यानं ऐकलं. हेल्का तिच्या तोंडाकडे बघत नव्हती.

"शिकवलं?" वेन्ला शेवटी म्हणाली. "हेल्का, तुम्ही शेजारी उभ्या होतात ना? शिव्या घातल्या हो त्यांनी मला. तुम्ही बाहेर गेलात की तर विचारू नका. म्हणायचे, हातोडा मारतेस काय, माझी हेल्का एवढीशी होती तेव्हा भिंतीवरून मला बरोबर उत्तर द्यायची, न शिकता. रोज हेल्का. इतकी हेल्का, की मला तुमचा राग यायचा."

हेल्का जागची हलली नाही. "मग मला का नाही...?"

"ते मी विचारलं. म्हणाले, पोरीनं विचारलं तेव्हा नाही म्हणालो, आता कोणत्या तोंडानं म्हणू."

हेल्का उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. रुंद खांदे हलत होते. वेन्ला कावरीबावरी झाली. मग जाऊन तिच्या शेजारी उभी राहिली, हात कुठे ठेवावे ते न कळून.

टेबलाशी आउने एकटी बसली होती. विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं. मग विचारलं.

"आणि माझ्याबद्दल? काही म्हणायचा?"

वेन्ला वळली. तिनं मनापासून आठवून पाहिलं. एक एक दुपार उलगडून पाहत असावी. ती खोटं बोलू शकणारी मुलगी नव्हती.

"नाही," ती म्हणाली. आणि आपण काय बोललो ते कळून, काहीतरी शोधून द्यायला घाईनं पुढे आली. "म्हणजे एकदा..."

"राहू दे," आउने म्हणाली.

एकीला नाव मिळालं होतं, एकीला बाप. तिनं आपला रिकामा कप टेबलावर पुढे सरकवला.

"कॉफी आहे का गं अजून?"